न दिसणाऱ्या दुखण्यावर विश्वास



हात मोडला की प्लास्टर दिसते. ताप आला की थर्मामीटर आकडा दाखवतो. साखर वाढली, रक्तदाब वाढला तर कागदावर लिहून येते. अशा आजाऱ्याविषयी कोणाच्या मनात शंका येत नाही. घरचे लोक कामे वाटून घेतात, शेजारची बाई भाकरी पाठवते, मिस्सेत त्याच्यासाठी प्रार्थना होते. पण काही दुखणी अशी असतात की ती कोणत्याही कागदावर उमटत नाहीत. अंग ठेचून काढल्यासारखे दुखते, रात्री झोप लागत नाही, सकाळी उठताना झोपण्यापूर्वीपेक्षा जास्त शीण असतो, आणि डॉक्टर मात्र सांगतात, ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत.’ घरच्यांना ते ऐकून बरे वाटते. आजारी माणसाला मात्र पुढेपुढे त्या शब्दांची धास्ती वाटू लागते. कारण त्यानंतर घरातले बोलणे बदलते. ‘डॉक्टर म्हणाले काही नाही, मग हिला होतंय तरी काय?’ तिथपासून ‘अंगचोर आहे’ इथपर्यंत पोहोचायला फार दिवस लागत नाहीत.

म्हणून आज आपण एका साध्या पण अवघड प्रश्नाचा विचार करू या. दुसऱ्याचे दुखणे आपल्याला दिसत नसेल, मोजता येत नसेल, तर त्यावर विश्वास ठेवणे ही आपली मेहेरबानी आहे की आपले कर्तव्य?

या दुखण्याला नाव आहे

ज्या आजारामुळे हा प्रश्न घरोघरी उभा राहतो त्यांपैकी एकाचे नाव फायब्रोमायल्जिया. नाव अवघड वाटले तरी अर्थ साधा आहे: स्नायू आणि त्यांच्या सभोवतालच्या तंतूंचे दुखणे. १९०४ साली विल्यम गोवर्स या इंग्रज डॉक्टरांनी अशा दुखण्याला ‘फायब्रोसायटिस’ म्हटले होते. त्या नावात तंतूंना सूज येते असे गृहीत धरलेले होते. पुढे लक्षात आले की तिथे सूज नसतेच. म्हणून १९७६ पासून आजचे नाव रूढ होत गेले. १९९० साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने तो ओळखण्याचे निकष ठरवले. शरीरावरची १८ ठिकाणे दाबून पाहायची आणि त्यांपैकी ११ ठिकाणी दुखले पाहिजे, असा तो नियम होता. २०१० साली हे निकष बदलले. आता दुखणे शरीराच्या किती भागांत पसरले आहे, थकवा किती, झोप कशी, स्मरण आणि लक्ष कसे, हे विचारून निदान करतात. म्हणजे डॉक्टरांनाही शेवटी रुग्णाचे ऐकूनच निदान करावे लागते.

तीन महिन्यांहून अधिक काळ अंगभर दुखणे, झोप होऊनही थकवा न जाणे, शब्द न आठवणे, एका कामात लक्ष न लागणे, डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी, थंडी आणि मोठा आवाज सहन न होणे ही त्याची ओळख. जगभरात साधारणपणे शंभरांत दोन ते चार माणसांना हा आजार असतो असे मानतात. म्हणजे आपल्या चर्चच्या बाकांवरही असा कोणीतरी बसलेला असण्याचा संभव आहे. बायकांमध्ये तो जास्त आढळतो, पण पुरुषांनाही होतो. पुष्कळ पुरुष तो सांगत नाहीत. या आजाराने सांधे वाकडे होत नाहीत आणि जीवही जात नाही. थायरॉईड, ‘ड’ जीवनसत्त्व, संधिवात यांच्या तपासण्या करतात त्या दुसरा आजार नाही ना हे पाहण्यासाठी. त्या नॉर्मल आल्या म्हणजे दुखणे नाही असे सिद्ध होत नाही. दुखण्याचे कारण तिथे नाही, एवढेच सिद्ध होते.

मग कारण कुठे आहे? आज शास्त्रज्ञ म्हणतात की बिघाड दुखण्याचे निरोप वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंच्या आणि मेंदूच्या व्यवस्थेत आहे. चर्चमधल्या लाऊडस्पीकरचे बटण कोणी शेवटपर्यंत फिरवून ठेवले तर माईकजवळची कुजबुजही कानठळ्या बसवते. बोलणारा हळूच बोललेला असतो, पण ऐकणाऱ्याच्या कानाला ते खरोखरच मोठे लागते. तसेच काहीसे इथे होते. झोपेचाही यात मोठा हात आहे. १९७५ साली कॅनडातील डॉ. हार्वे मोल्डोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धडधाकट माणसांची गाढ झोप रात्री आवाज करून मुद्दाम मोडली. काही दिवसांतच त्या माणसांचेही अंग दुखू लागले. ज्या घरातली बाई सर्वांत शेवटी झोपते आणि सर्वांत आधी उठते, त्या घराने हे लक्षात ठेवावे.

फोटो निघेपर्यंत थांबायचे का?

२००२ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. हा आजार असलेल्या १६ जणांच्या आणि तो नसलेल्या १६ जणांच्या अंगठ्यावर मोजून दाब दिला आणि त्या वेळी मेंदूत काय घडते ते यंत्राने टिपले. आजाऱ्यांच्या अंगठ्यावर हलका दाब पडला तरी मेंदूतले दुखण्याचे भाग जागे होत होते. निरोगी माणसांत तेवढेच दुखणे उमटायला जवळजवळ दुप्पट दाब द्यावा लागला. ‘मला दुखतंय’ हे बोलणे असे यंत्रावर दिसले.

ही बातमी ऐकून आपल्याला समाधान वाटते. पण इथे जरा थांबून विचार केला पाहिजे. २००२ च्या आधी ज्या हजारो बायाबापड्या हेच सांगत होत्या, त्या काय खोटे बोलत होत्या? त्यांचे दुखणे यंत्र आल्यावर खरे झाले असे नाही. ते आधीही खरेच होते. उशीर झाला तो ऐकणाऱ्यांकडून. आणि असे यंत्र आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात येणार नाही. संशोधनासाठी वापरलेले ते साधन आहे, रोजच्या निदानाचे नव्हे. मग ज्याचा फोटो निघाला त्याच्यावरच विश्वास आणि बाकीच्यांवर संशय, असा न्याय आपण करणार का?

आणखी खोल पाहिले तर दुसऱ्याचे दुखणे कोणालाच कधी दिसत नाही. हात मोडलेल्या माणसाचे प्लास्टर आपल्याला दिसते, पण प्लास्टर दुखत नसते. त्याचे दुखणे आपण त्याच्या चेहऱ्यावरून आणि शब्दांवरूनच मानतो. दाढदुखी असो, बाळंतपणाच्या कळा असोत की कॅन्सरचे शेवटचे दिवस, दुखणे हे नेहमी ज्याचे त्यालाच कळते आणि बाकीच्यांना ते ऐकूनच घ्यावे लागते. ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ असे आपल्याकडे म्हणतात ते याच अर्थाने. म्हणून फायब्रोमायल्जियाचा रोगी आपल्याकडे काही जगावेगळे मागत नाही. प्लास्टर असलेल्या माणसाला आपण जे न मागता देतो, तेच तो मागतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत स्पष्ट नोंद केली की एखादा माणूस आपल्याला दुखते असे सांगत असेल तर त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही दीर्घकाळ राहणाऱ्या दुखण्याला स्वतःचे स्थान मिळाले आहे.

‘आमचं काय दुखत नाही?’

यावर दोन हरकती घेतल्या जातात आणि दोन्हींना उत्तर दिले पाहिजे.

पहिली हरकत अशी की काही लोक खरोखरच सोंग करतात. काम टाळायला, लक्ष वेधून घ्यायला दुखण्याचे निमित्त होते. असे होत नाही असे कोणी म्हणणार नाही. पण दोन चुका तराजूत घालून पाहा. सोंग करणाऱ्यावर विश्वास ठेवला तर एक दिवसाचे काम बुडते, दुसऱ्या कोणाला चार हंडे जास्त भरावे लागतात. खऱ्या आजाऱ्यावर अविश्वास दाखवला तर त्याचा आधार जातो. तो सांगणे बंद करतो. आधी शेजाऱ्यांना, मग घरच्यांना, शेवटी डॉक्टरांना. दुखणे तेवढेच राहते आणि त्यात एकटेपणाची भर पडते. पहिल्या चुकीची भरपाई होऊ शकते. दुसरीची होईलच असे नाही. शिवाय विश्वास ठेवणे म्हणजे मागेल ते देणे नव्हे. ‘तुला दुखतंय हे मी मानतो’ असे म्हणून झाल्यावर ‘तरी आपण थोडं चालून येऊ’ असे म्हणता येते. उलट क्रमाने बोलले तर दुसरे वाक्य कोणी ऐकत नाही.

दुसरी हरकत जास्त प्रामाणिक आहे. घरातली सासू म्हणते, ‘आम्ही काय कमी राबलो? आमचं काय दुखत नाही?’ आणि तिचे खरे असते. आपला जिल्हा कष्टाचा आहे. कोणी ऊस तोडला, कोणी कांदा काढला, कोणी डोक्यावरून पाणी आणले. पाठ, गुडघे, खांदे सर्वांचेच बोलतात. राशीनहून भीमा ओलांडली की पुणे जिल्ह्यातले भिगवण लागते. तिथे १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांना विचारले तेव्हा सुमारे १८ टक्के लोकांना सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे असल्याचे आढळले. त्यांतल्या पुष्कळांचे दुखणे कोणत्याही एका संधिवाताच्या नावात नीट बसणारे नव्हते. म्हणजे नाव नसलेले दुखणे हे शहरी, सुखवस्तू बायकांचे लाड आहेत हा समज आपल्या शेजारच्या गावानेच खोटा ठरवला आहे.

तेव्हा सासूबाईंचेही दुखते हे मान्य. पण त्यावरून सुनेचे दुखत नाही असे ठरत नाही. उलट दोघींचेही दुखते, आणि दोघींनाही आजवर कोणी विचारले नाही, एवढेच त्यावरून ठरते. दुखणे हे रेशनच्या धान्यासारखे नाही की एकीला मिळाले तर दुसरीचा वाटा कमी होईल. जिने आयुष्यभर दात ओठ खाऊन सोसले, तिच्याच तोंडून कधीकधी ‘सोस’ हा शब्द निघतो, कारण तिला दुसरा शब्द कोणी शिकवलेला नसतो. तिचेही ऐकले गेले तर ती सुनेचे ऐकेल.

तोंड बंद करणारा उपचार

अविश्वासाचा आणखी एक प्रकार आहे. तो विश्वासासारखा दिसतो म्हणून जास्त फसवा आहे. रुग्णाचे पूर्ण न ऐकता काहीतरी मोठा उपाय करून टाकायचा, म्हणजे त्याचे बोलणे थांबते. आपल्या जामखेड-पाथर्डीला लागून असलेल्या बीड जिल्ह्याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने तिथल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली असल्याचे समोर आले. त्यांचे आजार वेगळे होते आणि कारणेही अनेक होती. एक दिवस काम चुकले तर खाडा धरून पैसे कापले जातात, ही त्यांतली एक भीती. पण एक गोष्ट आपल्या विषयाशी जोडलेली आहे. पोटात दुखते, पाठीत दुखते असे सांगणाऱ्या बाईचे ऐकायला वेळ लागतो, आणि वेळ कोणाकडेच नव्हता.

फायब्रोमायल्जियाच्या रुग्णाचेही असे होऊ शकते. दर आठवड्याला सलाईन, दर महिन्याला इंजेक्शन, एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, तीच तपासणी पुन्हा, मग कोणीतरी सांगितलेली पुडी. बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेले सापडल्याच्या घटना आपल्या देशात नोंदल्या गेल्या आहेत. चार दिवस हुरूप येतो आणि पुढे हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. शुभवर्तमानातली ती बारा वर्षे रक्तस्रावाने आजारी असलेली स्त्री आपल्याला आठवते. पुष्कळ वैद्यांच्या हातून तिने सोसले, होते नव्हते ते खर्च केले आणि तरी तिचे दुखणे वाढतच गेले. येशूने तिला गर्दीतून शोधले आणि आधी तिची सगळी हकीकत ऐकून घेतली.

क्रूस कोणी कोणाला द्यायचा?

आपल्या श्रद्धेच्या घरातही या बाबतीत जपून बोलायला हवे. ‘हा तुझा क्रूस आहे, आनंदाने वाहा’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! आजारी माणूस स्वतः प्रार्थनेतून त्या निष्कर्षाला आला तर ती त्याची आणि देवाची गोष्ट आहे, आणि तिच्यातून त्याला मोठे बळ मिळते. पण खुर्चीत बसून दुसऱ्याच्या खांद्यावर क्रूस ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? क्रूसाच्या वाटेवर कुरेनेकर शिमोनाने प्रभूला उपदेश केला नाही. त्याने लाकूड उचलले.

ईयोबाचे मित्रही लक्षात घ्यावेत. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, तोवर ते चांगले मित्र होते. ते बोलू लागले, त्याच्या दुखण्याचे कारण त्याच्याच पापात शोधू लागले, आणि तिथे त्यांचे चुकले. शेवटी देवाचा कोप ईयोबावर न होता त्या मित्रांवर झाला. ‘प्रार्थना कमी पडते’, ‘मन कमकुवत आहे’, ‘कुठेतरी काही चुकलं असेल’ ही आजच्या ईयोबाच्या मित्रांची भाषा आहे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखावर एक पत्र लिहिले. १९८१ साली गोळीबारात जखमी होऊन त्यांनी स्वतः हॉस्पिटलचे दिवस काढले होते. त्या पत्राचा शेवटाकडचा भाग चांगल्या शोमरोन्याविषयी आहे. दुसऱ्याचे दुःख आपल्यासमोर येते ते आपल्यातले प्रेम जागे व्हावे म्हणून, असा त्याचा आशय. त्यांनीच १९९२ साली आजाऱ्यांचा जागतिक दिन सुरू केला आणि १९९३ पासून तो ११ फेब्रुवारीला पाळला जातो. शोमरोन्याने जखमी माणसाला तू या वाटेने का आलास असे विचारले नाही. तो त्याला घेऊन उतारशाळेत गेला आणि खर्चाचीही सोय केली. विश्वासाला हात-पाय आणि पैसे लागतात हे त्या दाखल्यात स्पष्ट आहे.

उपचार आहेत, धीर हवा

हा आजार मुळापासून जातो असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण तो आटोक्यात येतो, आणि पुष्कळ लोक त्याच्यासह चांगले जगतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या शिफारशींमध्ये सर्वांत ठाम शिफारस एकाच उपायाची आहे, आणि तो उपाय म्हणजे व्यायाम. दुखणाऱ्या माणसाला व्यायाम सांगणे क्रूर वाटते, म्हणून तो कसा करायचा हे समजून घ्यावे. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे चालणे. ते जमले तर पुढे सहा-सात मिनिटे. बरे वाटलेल्या दिवशी घरभर झाडलोट, पापड, धुणे सगळे उरकून टाकायचे आणि मग चार दिवस अंथरूण धरायचे, हा घात आहे. बऱ्या दिवशीही थोडेच करावे आणि वाईट दिवशीही थोडे करावे. झोपेची वेळ ठरलेली असावी, संध्याकाळनंतर चहा टाळावा. मनाला समजावण्याच्या पद्धती शिकवणारे समुपदेशकही मदत करतात. त्याचा अर्थ दुखणे मनाचे आहे असा नाही. दुखण्यामुळे मन थकते, आणि थकलेले मन दुखणे वाढवते.

औषधे आहेत, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची. अमिट्रिप्टिलिन अगदी कमी मात्रेत, ड्युलॉक्सेटिन, प्रेगाबालिन ही त्यांतली नावे. काही जणांना त्यांचा उपयोग होतो, सर्वांना होत नाही. यांतल्या काही गोळ्या नैराश्यासाठीही देतात. चिठ्ठी वाचून घरात कोणी ‘या तर डोक्याच्या गोळ्या’ असे म्हणू नये. त्या इथे दुखण्याचा निरोप शांत करायला दिलेल्या असतात. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा या आजारात फारसा उपयोग होत नाही आणि रोज खाल्ल्या तर पोट व मूत्रपिंड बिघडते. शक्यतो एक डॉक्टर आणि एक फाईल ठेवावी. सुरुवात तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून करता येते. पुढे नगरचे जिल्हा रुग्णालय आहे, लोणीचे प्रवरा रुग्णालय आहे, आणि गरज पडली तर पुण्यात संधिवाततज्ज्ञ आहेत. मन फारच खचले तर १४४१६ या सरकारच्या टेलिमानस क्रमांकावर फोन करून बोलता येते. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत या आजाराचे नाव नाही. त्यामुळे सरकारी दाखल्याचा आधार मिळणे कठीण. म्हणूनच माणसांचा आधार जास्त लागतो.

जामखेडने दाखवलेली वाट

माणसांचा आधार कसा उभा राहतो हे शिकायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले. दवाखाना थाटून रुग्णांची वाट पाहण्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळख नव्हती, अनेकी समाजाने दूर ठेवलेल्या घरांतल्या होत्या. त्याच आपल्या गावच्या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये गेले, पण त्यांनी शिकवलेली गोष्ट राहिली. डॉक्टर दूर असतो आणि घाईत असतो. शेजारीण जवळ असते, आणि तिला ऐकायला शिकवले तर अर्धी आरोग्यसेवा उभी राहते. त्या गावांतल्या महिला मंडळांत बाई आपले दुखणे पहिल्यांदा मोठ्याने बोलली आणि तिला कळले की आपण एकट्या नाही.

आपला धर्मग्राम हे करू शकतो. त्यासाठी पैसा फार लागत नाही. वाडीवस्तीवर जपमाळेसाठी आपण जमतोच. महिन्यातून एकदा त्याच ठिकाणी दीर्घ आजार असलेल्यांनी अर्धा तास बसावे, ज्याला बोलायचे त्याने बोलावे, आणि बाकीच्यांनी औषध सुचवू नये. चर्चमध्ये जो गुडघे टेकू शकत नाही, मिस्सेत मध्येच बसतो, त्याच्याकडे वळून पाहू नये. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला ज्याला पायी येणे जमत नाही, त्याची भक्ती कमी आहे असे कोणी समजू नये. ज्याला घराबाहेर पडणे जमत नाही त्याचे नाव फादरांना कळवावे, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घरी नेता येईल. रुग्णाभ्यंग हा संस्कार केवळ मरणाच्या दारातल्या माणसासाठी आहे असा समज अजून काही घरांत आहे. गंभीर आणि दीर्घ आजाराने गांजलेल्यांनीही त्याविषयी फादरांशी बोलावे. तरुणांनी एक काम घ्यावे. दवाखान्यात जाताना सोबत करावी, फाईल धरावी, डॉक्टरांना काय विचारायचे ते आधी कागदावर लिहून न्यावे. आणि जो रात्रंदिवस आजाऱ्याजवळ असतो, त्यालाही कधीतरी विचारावे की तुमची झोप झाली का.

१२ मे हा फायब्रोमायल्जियाच्या जागृतीचा दिवस मानतात. तो फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस, आणि म्हणून परिचारिकांचाही दिवस. क्राइमियाच्या युद्धावरून परत आल्यावर त्या स्वतः अनेक वर्षे आजारी होत्या आणि पुष्कळदा अंथरुणातूनच काम करीत. भारतातल्या सैनिकांच्या आरोग्याविषयीचे त्यांचे मोठे काम त्याच काळातले. त्यांना नेमका कोणता आजार होता यावर आजही वाद आहे. पण त्यांच्या आजूबाजूच्या माणसांनी त्या वादाचा निकाल लागेपर्यंत वाट पाहिली नाही. त्यांनी कागद, दिवा आणि शांतता दिली, आणि त्यामुळे त्या काम करू शकल्या.

आपल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. न दिसणाऱ्या दुखण्यावर विश्वास ठेवणे ही मेहेरबानी नाही. ते आपण एकमेकांचे देणे लागतो, कारण उद्या आपल्यालाही फक्त आपल्या शब्दांवरच विसंबून राहावे लागेल. उपचार डॉक्टर करतील, बळ देव देईल. ‘तुला दुखतंय, हे आम्हाला पटतं’ एवढे बोलणे मात्र आपले काम आहे. या आठवड्यात आपल्यापैकी प्रत्येकाने एका तरी घरी जाऊन ते बोलावे, आणि तिथे काही काम पडलेले दिसले तर न विचारता हाताला घ्यावे.